मोटारीचे रूप आणि तिचे नाव

(मोटारींची रूपे वारंवार का बदलतात, त्यांना नवी नावे कशी मिळतात आणि त्या नावांचे अर्थ कालांतराने कसे पालटतात, याची माहिती या पाठात दिली आहे. वस्तूचे नाव आणि वस्तूचे गुण यांतील भेद विद्यार्थ्यांना ओळखता यावा, हा पाठाचा हेतू आहे.)

कोणत्याही मोटारीची तीन अंगे असतात. पहिले अंग झाकलेले असते. इंजिन, गिअर, ब्रेक, चाकांचे कणे ही सारी त्या अंगात मोडतात. दुसरे अंग डोळ्यांना दिसते. पत्र्याचा बाह्य आकार, काचा, दिवे आणि रंग हे ते अंग होय. तिसरे अंग केवळ कानांना कळते. ते म्हणजे मोटारीचे नाव. ही तिन्ही अंगे एकाच वेळी बदलतात असे मात्र नाही. कधी यंत्र तेच राहते आणि पत्रा बदलतो. कधी पत्राही तोच राहून नुसते नाव बदलते. कधी नाव तेच ठेवून आतबाहेर सर्व काही निराळे केलेले असते. जाहिरात मात्र तिन्ही वेळा एकच शब्द उच्चारते, आणि तो शब्द म्हणजे ‘नवी’! हा शब्द गाडीच्या कोणत्या अंगाला लागू पडतो हे शोधणे मोठे मनोरंजक आहे. जो पदरचे पैसे मोजतो, त्याला तर ते आवश्यकच आहे.

मोटार प्रथम रस्त्यावर आली, तेव्हा तिला स्वतःचे असे रूप नव्हते आणि स्वतःची भाषाही नव्हती. घोडे सोडून टाकावेत आणि बग्गीत यंत्र बसवावे, तशी ती दिसे. पाश्चात्त्य देशांत तिचा सांगाडा बहुधा घोड्यांच्या गाड्या बांधणारे कारागीरच घडवीत. त्यामुळे त्यांच्या धंद्यातील शब्द आपोआप मोटारीकडे आले. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये श्रीमंत लोक बंद खुर्चीत बसून जात आणि दोन भोई ती खुर्ची वाहून नेत. आपल्याकडील मेण्याचाच तो एक प्रकार. त्या खुर्चीला ‘सेडान’ म्हणत. पुढे चारी बाजूंनी बंद असलेल्या मोटारीला हेच नाव मिळाले. ‘कूपे’ हा शब्द फ्रेंच भाषेतील असून त्याचा अर्थ ‘कापलेली’ असा आहे. मोठ्या घोडागाडीचा पुढील भाग कमी करून जी आखूड गाडी बनवीत, तिचे हे नाव दोन दारांच्या आटोपशीर मोटारीला लाभले. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढे एक फळी लावीत; तिला ‘डॅशबोर्ड’ म्हणत. आज घोडे नाहीत, टापा नाहीत आणि तो चिखलही नाही. परंतु चालकासमोरील वेगमापक व इतर तबकड्या ज्या फळीवर असतात, तिला आपण अजून डॅशबोर्डच म्हणतो. वस्तू बदलली, पण शब्द मागे राहिला.

यानंतर एक काळ असा आला की, रूप आणि नाव या दोहोंना फारसे महत्त्व उरले नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. सामान्य शेतकऱ्याला परवडेल अशी, दणकट आणि दुरुस्तीस सोपी गाडी बनवावी, एवढाच त्यांचा ध्यास होता. १९१३ साली त्यांच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडण्याची पद्धत सुरू झाली आणि उत्पादनाचा वेग विलक्षण वाढला. प्रारंभी ८५० डॉलरला मिळणारी ही गाडी पुढे ३०० डॉलरच्या आत मिळू लागली. १९१४ पासून १९२५ पर्यंत तिचा रंग एकच होता, आणि तो म्हणजे काळा. नाव काय, तर वर्णमालेतील एक अक्षर! १९२७ साली तिचे उत्पादन थांबले, तोवर अशा दीड कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या.

इतकी लोकप्रिय गाडी मग बंद का पडली? याचे उत्तर तिच्या यशातच दडलेले आहे. ज्यांना मोटार हवी होती, त्यांतील पुष्कळांजवळ आता ती होती. ती सहजासहजी मोडत नव्हती, मग दुसरी कोण घेणार? ही अडचण जनरल मोटर्स या कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी नेमकी हेरली. गाडी झिजेपर्यंत वाट पाहण्यापेक्षा, ती चांगली चालत असतानाच मालकाला जुनी वाटू लागली, तर तो नवी घेईल, असा विचार त्यांनी केला. १९२३ साली त्यांच्या कंपनीने शेव्हरोले गाडीला नवा, अधिक देखणा साज चढविला. आतील यंत्र मात्र बहुतांशी पूर्वीचेच होते. त्याच सुमारास लवकर वाळणारे नवे रंग निघाले आणि गाड्या निळ्या, हिरव्या, तांबड्या रंगांत झळकू लागल्या. १९२७ साली कंपनीने बाह्यरूपाची आखणी करण्यासाठी एक स्वतंत्र विभागच उघडला आणि हार्ली अर्ल यांना त्याचे प्रमुख नेमले. गणपतीचे कारागीर शाडूची मूर्ती घडवितात, त्याप्रमाणे अर्ल यांच्या विभागात मातीसारख्या मऊ द्रव्याची पूर्ण आकाराची मोटार घडवीत, ती चहूबाजूंनी न्याहाळीत आणि मन भरले की मगच पत्र्याचे काम हाती घेत.

येथे कारखान्यातील एक व्यावहारिक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मोटारीचा पत्रा प्रचंड यंत्राखाली पोलादी साच्यांत दाबून घडविला जातो. हे साचे अतिशय महाग असतात. म्हणून संपूर्ण सांगाडा दरवर्षी बदलणे कोणत्याही कारखान्यास परवडत नाही. तो काही वर्षांनी एकदा बदलतो, आणि त्या वेळी गाडीची नवी पिढी आली असे म्हणतात. दोन पिढ्यांच्या मधल्या काळात पुढची जाळी, दिवे, बंपर आणि चकचकीत पट्ट्या एवढेच बदलून तीच गाडी पुन्हा ताजी केली जाते. या युक्तीला ‘फेसलिफ्ट’ म्हणतात. दारे, काचा आणि छप्पर यांच्याकडे नीट पाहिले, तर ही युक्ती सहसा लपत नाही. कारण मुख्य साचे तेच असल्याने ते भाग बहुधा जसेच्या तसे राहतात.

रूपाच्या या शर्यतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मोटारींना फुटलेले पर! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेकडे पी-३८ नावाचे दुहेरी शेपटीचे लढाऊ विमान होते. त्याच्या शेपटीवरून अर्ल यांच्या विभागाला कल्पना सुचली आणि १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीच्या मागील दोन्ही टोकांना लहानसे उंचवटे आले. लोकांना ते आवडले. मग दर पिढीगणिक ते वाढू लागले. इतर कंपन्यांनीही त्यांचे अनुकरण केले. १९५९ च्या कॅडिलॅकला तर एखाद्या प्रचंड माशाच्या कल्ल्यासारखे टोकदार पर होते आणि त्यांत तांबडे दिवे बसविलेले होते. आकाशात उडणाऱ्या विमानाला दिशा स्थिर ठेवण्यासाठी उभ्या शेपटीची गरज असते. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीला त्या परांचा तसा काही उपयोग नव्हता. ती वेगवान आहे असा भास तेवढा होई. पुढील काही वर्षांत ही हौस फिटली आणि पर हळूहळू नाहीसे झाले.

तथापि हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हता. १९६५ साली राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाने मोटारींच्या सुरक्षिततेविषयी एक पुस्तक लिहिले. शोभेकरिता लावलेले टोकदार भाग पादचाऱ्यांना इजा करतात, आणि रूपावर जेवढा खर्च व विचार होतो तेवढा माणसाच्या जिवासाठी होत नाही, असे त्याने त्यात दाखवून दिले. त्यावर मोठी चर्चा झाली. १९६६ साली अमेरिकेने मोटारींच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला. रूप हे डोळ्यांसाठी असले, तरी त्याची किंमत कधीकधी शरीराला मोजावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

आता नावांकडे वळू. नावांची गती रूपापेक्षाही चमत्कारिक असते. शेव्हरोले कंपनीने १९५० साली आपल्या एका दोन दारांच्या गाडीला ‘बेल एअर’ हे नाव दिले. बेल एअर ही लॉस एंजेलिस शहरातील धनिकांची वस्ती आहे. १९५३ साली हे नाव शेव्हरोलेच्या सर्वांत वरच्या श्रेणीला मिळाले. परंतु १९५८ साली तिच्याही वर ‘इंपाला’ आली. इंपाला हे आफ्रिकेतील एका चपळ हरणाचे नाव. पुढे १९६५ साली इंपालाच्या वर ‘कॅप्रिस’ म्हणजे ‘लहर’ येऊन बसली. अशा रीतीने वरून नवी नावे येत गेली आणि जुनी खाली ढकलली गेली. १९७३ सालापर्यंत तर बेल एअर ही त्या मालिकेतील सर्वांत खालच्या श्रेणीची गाडी ठरली होती. वीस वर्षांपूर्वी जे नाव शिखरावर होते, ते पायथ्याशी आले! श्रीमंतीचे नाव घेऊन पाहिजे तेवढ्या लोकांना विकले, की त्यातील श्रीमंती आपोआप उडून जाते.

काही नावांचा तर मूळ अर्थच हरवला. ‘कूपे द व्हिल’ म्हणजे शहरात मिरविण्याची अशी गाडी की, जिच्यात मालक मागे बंद भागात बसे आणि चालक पुढे उघड्यावर बसे. १९४९ साली कॅडिलॅकने हे नाव एका पोलादी छपराच्या गाडीला दिले. तिच्यात मालक आणि चालक दोघेही एकाच छपराखाली बसत. नावातील ऐट तेवढी घेतली, वस्तू मात्र सोडून दिली.

आपल्या भाषेला हा प्रकार अनोळखी नाही. ‘राव’ हा शब्द मूळ ‘राजा’ या शब्दातून आला. पण आज गणपतराव किंवा शंकरराव म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे सिंहासन येत नाही. ‘साहेब’ हा शब्दही एके काळी मोठ्या अधिकाऱ्यास शोभे. आज तो दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला लावतो. शब्द हे नाण्यासारखे असतात. फार हातांतून गेले की त्यांवरील छाप झिजते. मोटारींच्या बाजारात ही झीज अधिक वेगाने होते, इतकेच.

भारतात मात्र याच्या अगदी उलट चित्र दिसले. स्वातंत्र्यानंतर अनेक वर्षे मोटारींचे उत्पादन सरकारी परवान्यांनी मर्यादित केलेले होते. कारखाने मोजकेच होते आणि गिऱ्हाइकांना गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभे असताना रूप बदलण्याची घाई कोण करील? पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे बनणारी ‘अँबॅसडर’ ही मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ती बनत राहिली. मार्क दोन, मार्क तीन, मार्क चार अशी तिच्या नावाची गणती वाढत गेली. परंतु तिचा गोलसर सांगाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळखू येत असे.

मुंबईकरांच्या परिचयाची गाडी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. तेथे १९५० च्या दशकात फियाट ११०० ही इटालियन मोटार तयार होऊ लागली. किरकोळ फेरफार करून तिला ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’, ‘सुपर सिलेक्ट’ अशी चढती नावे देण्यात आली. एलिगंट म्हणजे सुबक. पण लोकांनी तिचा फुगीर देह आणि पुढे आलेले नाक पाहिले आणि मोठ्या प्रेमाने तिला ‘डुक्कर फियाट’ म्हणावयास आरंभ केला! कंपनीची नावे आता जाणकारांनाच आठवतात. लोकांनी ठेवलेले नाव मात्र टिकले.

१९६४ साली तिच्या जागी सरळ रेषांची, काहीशी चौकोनी अशी नवी गाडी आली. तिचे नाव ‘फियाट ११०० डिलाइट’. पुढे तिच्यावरचे फियाट हे नाव निघाले आणि काही काळ ती ‘प्रीमिअर प्रेसिडेंट’ झाली. १९७४ पासून तिला ‘प्रीमिअर पद्मिनी’ म्हणू लागले. आनंद, राष्ट्रपती आणि चितोडची राणी अशी तीन नावे तिने धारण केली. गाडी मात्र मुळात तीच होती. इटलीमध्ये ११०० च्या जागी १९६९ सालीच अगदी निराळ्या रचनेची फियाट १२८ आली होती. आपल्याकडे पद्मिनी त्यानंतरही सुमारे तीन दशके बनत राहिली. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईची खूणच बनली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या सेवेतून निवृत्त झाली. राणीचे नाव मिळाल्यानंतरही पुष्कळ लोक तिला अखेरपर्यंत ‘फियाट’च म्हणत राहिले.

पुढे बाजार खुला झाला, कारखाने वाढले आणि रूपांची शर्यत भारतातही सुरू झाली. तिला एका वेळी अगदी निराळे वळण लागले. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणण्यात आले. लहान मोटार कोणती, हे ठरविण्यासाठी इंजिनाच्या आकाराबरोबर एक मापही घालून दिले. गाडीची लांबी चार मीटरहून अधिक असता कामा नये! मग काय, गाड्यांच्या शेपट्या आखडू लागल्या. २००८ साली आलेली ‘स्विफ्ट डिझायर’ ४,१६० मिलिमीटर लांब होती. २०१२ साली तिची दुसरी पिढी आली, तेव्हा लांबी ३,९९५ मिलिमीटर झाली. मर्यादेपेक्षा अवघी पाच मिलिमीटर कमी! सामानाची डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. २०१७ साली तिसरी पिढी आली आणि नावातील ‘स्विफ्ट’ गळून ती नुसती ‘डिझायर’ उरली. गाडीची शेपटी कलावंताने नव्हे, तर कराच्या कलमाने कापली. अशा आखूड गाडीलाही सेडानच म्हणतात. भोयांनी वाहिलेल्या खुर्चीपासून निघालेला तो शब्द कोठवर येऊन पोहोचला, पाहा!

‘एसयूव्ही’ या शब्दाचेही तसेच झाले आहे. खडकाळ वाटांवर चालावी, ओझे ओढावे, यासाठी मालमोटारीसारख्या भक्कम चौकटीवर बांधलेल्या गाड्यांना पूर्वी हे नाव शोभे. आज या नावाने विकल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांची बांधणी साध्या मोटारीचीच असते आणि इंजिनाची शक्ती केवळ पुढच्या दोन चाकांना मिळते. त्या वाईट आहेत असे नव्हे. शहरात त्या उत्तम चालतात. पण नाव ऐकून कोणी त्या डोंगरातील ओढ्यात घातल्या, तर नाव काही चाकांना ढकलणार नाही.

मग रूप बदलणे हे सारेच व्यर्थ समजावे काय? तसे समजणे अन्यायाचे होईल. गाडीचा आकार वारा कापणारा असला, तर इंधन वाचते. पुढचा भाग ठरावीक रीतीने चेपणारा बनविला, तर टक्कर झाली असता आतील माणसांना बसणारा धक्का कमी होतो. पुढच्या टोकदार कडा गोल केल्या, तर पादचाऱ्याला होणारी इजा कमी होते. असे बदल वरून साधे दिसतात, पण ते जीव वाचवितात. शिवाय सुंदर वस्तूची आवड असणे हा काही दोष नव्हे. दोष आहे तो डोळे आणि कान यांनी दिलेली साक्ष तपासून न पाहण्यात.

आपल्याकडे ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशी म्हण आहे. तिच्यात सोन्याची निंदा नाही आणि कथलाचीही नाही. नाव आणि वस्तू यांतील अंतर तेवढे तिने दाखविले आहे. नवी मोटार, नवी सायकल, एवढेच काय नवी पाटीपेन्सिल जरी समोर आली, तरी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. आत काय बदलले? बाहेर काय बदलले? आणि नुसते बोलण्यात काय बदलले? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याला निराळी करून सांगता येतात, त्याला भाषा खऱ्या अर्थाने येते, असे म्हणावयास हरकत नाही.

शब्दार्थ

मेणा – बंदिस्त पालखी.
भोई – पालखी वाहून नेणारे.
साज – शृंगार, सजावट.
हेरणे – बारकाईने ओळखणे.
ऐट – डौल, दिमाख.
श्रेणी – दर्जाची पायरी.
उत्पादनशुल्क – कारखान्यात तयार होणाऱ्या मालावरील कर.
कथील – एक स्वस्त धातू.

स्वाध्याय

१. मोटारीची तीन अंगे कोणती? त्यांपैकी कोणते अंग केवळ कानांना कळते?
२. ‘डॅशबोर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ काय? तो आज कोणत्या वस्तूला लावतात?
३. ‘मॉडेल टी’चे यशच तिच्या अडचणीचे कारण कसे ठरले, ते आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘बेल एअर’ हे नाव वीस वर्षांत शिखरावरून पायथ्याशी कसे आले?
५. कारणे द्या : (अ) मोटारीचा संपूर्ण सांगाडा दरवर्षी बदलत नाहीत. (आ) २०१२ च्या डिझायरची लांबी कमी करण्यात आली.
६. ‘शब्द हे नाण्यासारखे असतात’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा. झिजलेल्या शब्दाचे तुम्हांला ठाऊक असलेले एक उदाहरण द्या.
७. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : मन भरणे, हौस फिटणे, पदरचे पैसे मोजणे.
८. उपक्रम : वर्तमानपत्रातील एखादी जाहिरात घ्या. तिच्यातील कोणते शब्द वस्तूचे गुण सांगतात आणि कोणते नुसती ऐट सांगतात, याच्या दोन याद्या करा व त्या वर्गात वाचून दाखवा.